खांब नाक खाजवतो

“फाइलवर प्रोग्रेसिव्ह लिहिलंय, वहिनी. वाचता येतं ना?”

“डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही, भाऊजी.”

दुकान भाऊजींचं. पुढे काउंटरवर झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, मागे पडद्याआड एडिटिंगची खुर्ची. त्या खुर्चीवर वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून बसायची. खुर्चीचं एक चाक कधीच गेलं होतं, पण तिला तोल सवयीचा झाला होता. आता भाऊजींना तिथे आपला मेहुणा बसवायचा होता. समोर पडद्यावर असलेल्या व्हिडिओचं शूटिंग त्या मेहुण्यानंच केलं होतं, आणि दिसेल ते बटण दाबून बघायची त्याला जन्माची खोड.

“त्यानं सेटिंग फिरवलंय,” वहिनी म्हणाली. “आणि ज्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढून आणलीय ना, ते दगडावरसुद्धा ‘प्रोग्रेसिव्ह’ शिक्का मारेल. हे इंटरलेस्ड आहे.”

“सिद्ध करा! संध्याकाळी मंडळाच्या समारंभात मोठ्या पडद्यावर लावायचंय. त्याआधी त्यांची माणसं इथे बघायला येतील, ती यायच्या आत. नाहीतर उद्यापासून तुम्ही काउंटरवर, मेहुणा आत.”

एरवी हे काम पोराटोराचं. इंटरलेस्ड म्हणजे एक चित्र दोन हप्त्यांत घेतलेलं. आधी एकाआड एक ओळी, मग निमिषभरानं उरलेल्या. तेवढ्यात समोरचं काही हललं, तर थांबवलेल्या चित्रात त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात. प्रोग्रेसिव्ह एका दमात घेतलेलं, त्याची कड साफ. तेव्हा हलणारी वस्तू शोधायची, चित्र थांबवायचं, दात बघायचे. झालं.

फक्त काहीतरी हलायला हवं. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. कारण व्हिडिओ होता स्थैर्य मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचा. न हलता जास्तीत जास्त वेळ बसेल तो विजेता.

वहिनी बघत राहिली. माणसं ओळीनं बसलेली, जणू दुकानाच्या काचेतले पुतळे. कुणाचे केस उडू नयेत म्हणून पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मंडळाच्या शिस्तीत बंद पडलेलं. शेवटी निवृत्त कंडक्टर काकांना शिंक आली आणि अध्यक्ष जिंकले म्हणे, पण शिंकेच्या आधीच मेहुण्याची बॅटरी संपली होती. अध्यक्षांना सगळं गाव ‘खांब’ म्हणायचं. दरवर्षी तेच जिंकायचे.

“अरे मेल्यांनो, एक डास तरी मारा!” वहिनी पडद्यावर खेकसली.

आणि तिचं ऐकल्यासारखं झालं. दोन्ही परीक्षकांच्या माना पेंगून छातीवर टेकल्या. खांबानं एका डोळ्यानं त्यांचा अंदाज घेतला. त्याचा हात सापासारखा वर आला, नाक चांगलं मनसोक्त खाजवलं आणि मांडीवर परत.

वहिनीनं चित्र थांबवलं. पंज्याच्या कडेला दातच दात!

“भाऊजी! या इकडे. हा घ्या कंगवा!”

भाऊजींनी दात बघितले. मग हात कुणाचा ते बघितलं आणि मागचा पडदा नीट ओढून घेतला.

“जिंकलात. खुर्ची तुमची. पण एवढं कापून टाका. गिऱ्हाईक आहे हो आपलं!”

“कापणार नाही.”

“अहो, तुम्हाला हवं ते मिळालं ना?”

“मी खरी ठरले म्हणून खुर्ची पाहिजे. गप्प बसण्याची बक्षिसी म्हणून नको.”

“मग काउंटरवर जा!”

तेवढ्यात पडदा सरकवून खांब आत आला, मागून कंडक्टर काका. वहिनीनं चित्र तसंच ठेवलं. खांबानं स्वतःचं नाक बघितलं, नाकावरचा हात बघितला.

“हा... हा कॅमेऱ्याचा दोष आहे! दात आलेत बघा हाताला!”

“दोष असता तर सगळ्यांना आले असते, अध्यक्ष,” वहिनी म्हणाली. “शेजारी काका बघा, कसे कोरून ठेवल्यासारखे आहेत. दात हलणाऱ्यालाच येतात.”

कंडक्टर काका पडद्याला नाक लावून बघत होते. मग वळून जुन्या सवयीनं ओरडले, “चला, खांबसाहेब, उतरा! तुमचा स्टॉप कधीच मागे गेला!”

खांब पाय आपटू लागला, हात नाचवू लागला. एवढा हलताना त्याला गावानं कधी पाहिलं नव्हतं. काम रद्द, दुकान बंद पाडीन, असं बरंच बोलला. भाऊजींचा चेहरा पांढराफटक.

“वहिनी, उठा त्या खुर्चीवरून! आत्ताच्या आत्ता!”

वहिनीनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. तीन चाकांवर पाठ ताठ केली आणि समोर बघत राहिली. भाऊजी ओरडले, खांब ओरडला, बाहेर झेरॉक्सवालं गिऱ्हाईक ओरडलं. तिनं पापणीसुद्धा लववली नाही.

कंडक्टर काकांनी स्टूल ओढलं, मनगट वर करून घड्याळात बघितलं.

“चालू द्या, वहिनी. मी वेळ मोजतोय.”