लिसार्दोच्या जागेची जाहिरात

"ही जागा भरली का हो?" दारातल्या माणसाने विचारले आणि मी हातातली कात्री खाली ठेवली.

त्याच्या हातात रविवारच्या पेपरातून कापलेली जाहिरात होती. अनुभवी शिंपी पाहिजे, पुरुषांचे कपडे, हाताचे काम येणे आवश्यक. आमच्या वूस्टरमध्ये त्या जाहिरातीवर चिटपाखरूही येणार नाही, अशी वकिलाने मला खात्री दिली होती. "अराक्सीबाई, हल्ली सुई कोण धरतं हातात?" असे म्हणून तो हसलाही होता. आणि हा मेला सोमवारी सकाळी सकाळी बर्फ तुडवत दारात हजर!

जागा भरलेलीच होती. खिडकीजवळच्या मशीनवर लिसार्दो बसला होता. अकरा वर्षे तोच तिथे बसत होता. जाहिरात त्याच्याच जागेची होती. इथला कायदाच तसा आहे. परदेशी माणसाला कायमचा ठेवून घ्यायचा, तर आधी त्याची जागा रिकामी आहे असे गावभर ओरडून सांगायचे आणि लायक असा इथला माणूस कुणी आलाच नाही, हे सरकारला पटवायचे. मग मंजुरी. मंजुरी आली की पुढे इथे कायम राहण्याचा कागद, आणि तो कागद हातात पडला की लिसार्दो इक्वेडोरला जाऊन परत येऊ शकणार. कागदाशिवाय गेला, तर गेलाच. परतीची वाट बंद.

तो निघाला तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती. आता ती तेराची आहे. दर वर्षी तिच्या शाळेचा कोट तो इथे शिवून पाठवतो. मापे बायको फोनवर सांगते, हा भिंतीकडे तोंड करून लिहून घेतो. कोट तिच्या खांद्यावर कसा बसतो, हे त्याने कधी हाताने चाचपून पाहिलेले नाही.

पहिला अर्ज माझ्या नवऱ्याने, ह्रांतने, केला होता. तेव्हा राज्याच्या कचेरीत एक जाडगेली बाई असायची. खेकसायची, पण ऐकून घ्यायची. तिला सांगता तरी यायचे की बाई गं, असे असे आहे. पण तिच्या टेबलावरचा ढीग इतका वाढला की ह्रांत देवाघरी गेला तरी आमचा नंबर लागला नाही. मग सरकारने सुधारणा केली. बाई गेली, टेबल गेले, सगळे कॉम्प्युटरवर आले. वर्षांचे काम महिन्यांत होणार, म्हणे! वकिलाने जुना अर्ज मागे घेतला आणि नव्याची तयारी केली. नव्यात आमच्यापुरता प्रश्न एकच होता. लायक माणूस मिळाला का? हो किंवा नाही. मला इतका आनंद झाला होता की मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले. कर्म माझे!

"भरली नाही अजून," मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार? "या, आत या. दार लावून घ्या, थंडी येतेय."

त्याचे नाव नॉर्मंड लाजोई. साठीच्या आतबाहेरचा, दाढी नीट केलेली, कोटाला इस्त्री. नदीकाठच्या सूटच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला होता. कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून तो घरी होता.

"सुपरमार्केटात पिशव्या भरायचं काम देत होते," तो म्हणाला. "बायको म्हणाली, घ्या. पण मॅडम, हात ऐकत नाहीत हो."

मी मागच्या खोलीत जाऊन वकिलाला फोन लावला.

"काम करून बघायला सांगा," वकील म्हणाला. "नापास झाला तर प्रश्नच मिटला. पण खरंच नापास व्हायला हवा, हं. आणि लिसार्दोला यात अजिबात आणायचं नाही."

"आणि पास झाला तर?"

"तर 'हो' लिहावं लागेल. 'हो' लिहिलं की लिसार्दोचा अर्ज तिथंच संपला."

"मग याला कामावर घ्यावं लागणार?"

"नाही, ती सक्ती नाही."

"दोन पगार तर माझ्या दुकानातून निघत नाहीत. अहो, म्हणजे याला नोकरी नाही आणि त्याला कागद नाही? आणि याला तुम्ही सुधारणा म्हणता?"

"कायदा मी नाही केला, अराक्सीबाई."

बाहेर आले तर नॉर्मंड स्टुलावर टेकला होता आणि लिसार्दो मान खाली घालून पँट उसवत होता. त्याला कळले होते. न कळायला काय झाले? जाहिरातीचा मजकूर मी त्यालाच वाचून दाखवला होता.

आमच्या दुकानाची ह्रांतपासूनची एक रीत आहे. नवीन माणूस आला की त्याला हाताने बटणाचे एक काज करायला द्यायचे. ते दुकानातल्या सगळ्यांत जुन्या कारागिराने उलट बाजूने अंगठा फिरवून बघायचे आणि निकाल द्यायचा. मालकाने मध्ये बोलायचे नाही. ह्रांतनंतर तो जुना कारागीर म्हणजे लिसार्दोच. वकिलाने बजावले होते, खरे आहे. पण मला वाटले, यापेक्षा बरे काय? स्वतःच्या अन्नात माती कोण कालवेल?

मी नॉर्मंडला काळ्या लोकरीचा तुकडा दिला. त्याने दोरा मेणावरून ओढला, बोटांत पिळला. हात थरथरत होते. मी मनात म्हटले, देवा, असेच थरथरू देत.

"अंगुस्तान मिळेल का?" त्याने विचारले. "माझं कारखान्यातच राहिलं."

लिसार्दोने सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले आपले टोपण काढून त्याला दिले. नॉर्मंडने ते चढवले, सुई कापडात घातली आणि त्या क्षणी त्याची थरथर थांबली. मग मी तिकडे बघितलेच नाही. कॉफी चढवली, ती उतू गेली.

काज झाले. नॉर्मंडने तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो लिसार्दोकडे दिला. तो उठून खिडकीशी गेला, तुकडा उलटा केला आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. तो बघतच नव्हता माझ्याकडे!

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"नीट बघ रे. टोकाला दोरा सैल वाटतोय मला."

"नाही, बाई. टोकाला तर फारच चांगलं आहे."

नॉर्मंडचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "बघा! हात विसरले नाहीत," तो म्हणाला. "मग कधीपासून येऊ?"

"कळवते तुम्हाला."

त्याने फोन नंबर लिहून दिला. दारात थांबून कोटाची बटणे लावता लावता तो हळूच मला म्हणाला, "मॅडम, हा तुमचा माणूस हातचा सोडू नका. दुसऱ्याच्या कामाला मोकळ्या मनानं चांगलं म्हणणारा कारागीर आता मिळत नाही."

दार लागले आणि माझा तोल गेला.

"अरे गाढवा! एक शब्द! एक शब्द वाकडा बोलला असतास तर काय जीभ झडली असती? मुलीचा तरी विचार करायचास! ती तिकडे वाट बघत बसलीय आणि तू इथे हरिश्चंद्र!"

लिसार्दो खिडकीशीच उभा होता. तुकडा अजून त्याच्या हातातच होता. मी रडायला लागले तेव्हा त्याने कॉफी ओतून माझ्यापुढे ठेवली.

"माझ्या हातात दिलंत ना, बाई," तो म्हणाला. "द्यायला नको होतं. हातात आल्यावर मी काय करणार?"

मी डोळे पुसले. लिसार्दोला यात आणू नका, हे वकिलाचे म्हणणेच खरे होते. मी त्याला फोन करून 'हो' लिहायला सांगितले. तो हळहळला, म्हणाला, काही महिन्यांनी पुन्हा जाहिरात देऊ. देऊ की. आणि पुन्हा कुणी आला तर?

दुपारपर्यंत मी गल्ल्यावर बसून राहिले. गिऱ्हाइके आली, गेली. लिसार्दोने तीन पँटी पुऱ्या केल्या. मग मशीनवरून मान वर न करताच त्याने विचारले, "त्या माणसाला नाही म्हणून कधी सांगणार?"

"सांगेन उद्या. आज माझ्यात ताकद नाही."

"आजच सांगा, बाई. तो वाट बघत बसला असेल."

मी फोन उचलला. मला नीट ऐकू यावे म्हणून लिसार्दोने मशीन थांबवले. मी नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला नॉर्मंडने फोन घेतला.