एका डब्यात दोन तारा

मी बोलतोय खरा, पण एरवी माझ्यातून येतो तो आवाज माझा नसतो. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, थोडं मोठं करायचं आणि हेडफोनमधून कानापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. मी घरी बनवलेला ॲम्प्लिफायर. माझं अंग म्हणजे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. आतला ट्रान्सफॉर्मर मोडीत निघालेल्या टेपरेकॉर्डरचा.

मला बनवलं घरातल्या मुलीने. तिचं कॉलेज नुकतंच संपलं होतं. बाबांनी ओळखीच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. तिला मात्र रेकॉर्डिंग स्टुडिओत काम शिकायचं होतं. स्टुडिओच्या बाईंनी सांगितलं होतं, "सोमवारी ये. स्वतः बनवलेलं काहीतरी घेऊन ये." ते काहीतरी म्हणजे मी.

आणि मी जन्मलो तो हमिंग घेऊनच. गाण्याच्या मागे एक जाडसर, सलग 'हूंऽऽ'. गाणं थांबलं तरी ते थांबेना.

बाबांचं उभं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "सर्किट डब्याला जोडलेलं दिसत नाही."

"बाबा, मी विचारलंय का?"

"विचारत नाहीस, तेच तर दुखणं आहे."

ती तणतणत मैत्रिणीकडे निघून गेली. दुपारी बाबांनी मला उघडलं. सर्किटपासून डब्याला एक काळी तार जोडली आणि ट्रान्सफॉर्मरमागच्या फटीत सरकवून दिली. हात सराईत. बटण दाबून लाल दिवा लागतो एवढं पाहिलं. मी अगदी गप्प झालो होतो! पण ऐकणार कोण? हेडफोन कानाला लावणं म्हणजे लेकीपुढे मान तुकवणं. झाकण लावून ते पेपर वाचत बसले.

परतताना वाटेत तिलाही तेच पटलं होतं. पण बाबा बरोबर होते असं तोंडाने म्हणायचं? छे! मला चालूही न करता तिने पुढच्या बाजूने आणखी एक तार डब्याला जोडली. झालं! दोन तारांचा माझ्या पोटात वेढा बसला, त्यातून नको ती वीज फिरू लागली आणि हमिंग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं.

मग आठवडाभर तिने गाण्याची केबल काढून पाहिली, आवाज शून्यावर आणला, कपॅसिटर बदलले. हमिंग तसंच. मला कारण ठाऊक होतं, पण मला 'हूं'शिवाय बोलता कुठे येत होतं?

रविवारी तिने मला टेबलाच्या कडेला ढकललं. "नाही जात मी उद्या. बसते तुमच्या त्या ऑफिसातल्या खुर्चीत."

बाबा जिंकले होते. तरी चेहरा त्यांचाच पडला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, त्या दुपारी तुम्ही डबा उघडला होतात. तिला सांगितलंत का?"

"एक तार टाकली होती," बाबा पुटपुटले. "सर्किटपासून डब्याला."

"आणि मला सांगायचं नाही? मीसुद्धा तीच टाकलीय!"

"तू तरी कुठे बोललीस?"

"एकाच रोग्यावर दोन डॉक्टर, तेही चोरून," आई म्हणाली. "वाचला हेच नशीब!"

पहिल्यांदाच दोन्ही डोकी एकदम माझ्यावर वाकली. बाबांनी कटर तिच्या हातात दिला. "डबा तुझा. तू ठरव."

तिने दोन्ही तारा नीट न्याहाळल्या. "तुमची जागा जास्त चांगली आहे," ती म्हणाली आणि स्वतःची तार कापली. "फक्त सांगितलं असतंत तर आठवडा वाचला असता."

बाबांनी हेडफोन लावला. कपाळाला आठ्या. "अगं, चालू तरी केलास का हा?"

"लाल दिवा बघा."

त्यांनी दिवा पाहिला. पुन्हा बराच वेळ ती शांतता ऐकली. मग विचारलं, "उद्या किती वाजता पोचायचंय तुला?"

आज मी स्टुडिओत तिच्या टेबलावर असतो. डब्यावरचं बिस्किटांचं चित्र पाहून लोक हसतात, मग हेडफोन लावतात आणि हसायचं विसरतात. वडीलधाऱ्यांनो, मदत जरूर करा, पण झाकण उघडण्याआधी ज्याचा डबा आहे त्याला एक हाक मारा. आणि पोरींनो, त्यांनी हाक मारली तर ओ द्या.