पूजेतला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. सोलापूरजवळच्या एका गावातल्या शाळेत, काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. मुक्काम कसला, कोंडवाडाच म्हणा.

अजिनाथ गुरुजी होते तोवर मी कपाटाबाहेर असे. माझ्यात प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत छापलेला आहे, म्हणून मुलांचा माझ्यावर भारी जीव. गुरुजी रोज एका शब्दाची गंमत सांगत. एका स्पेलिंगचे दोन उच्चार आहेत म्हटल्यावर मुलं चक्रावून जात. ‘लिव्ह’ म्हटलं की राहणं, जगणं. तोच शब्द ‘लाइव्ह’ वाचला की जिवंत. तार लाइव्ह म्हणजे तिच्यात वीज आहे, मॅच लाइव्ह म्हणजे ती आत्ता चालू आहे. मुलं पानावर बोट ठेवून मोठ्यांदा वाचत. त्या मळक्या बोटांचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत, आणि मला ते आवडतात.

गुरुजी निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांनी, महादेवप्पा सरांनी, मला नवं कव्हर घातलं आणि कुलपात ठेवलं. पुस्तक फाटू नये, एवढाच त्यांचा हेतू. तेव्हापासून मी बाहेर येतो तो फक्त दसऱ्याच्या पाटीपूजनाला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, शेजारी मला मांडलं, हळदकुंकू वाहिलं. आठवीतली जगदेवी मागे थांबली होती. तिचे वडील रेवणप्पा मेंढपाळ. घरात कानडी, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत निवड झाली तरच ती पुढे शिकणार होती. त्यासाठी आधीच दिलेला एक इंग्रजी उतारा मोठ्यांदा वाचून दाखवायचा होता, आणि त्यात हाच ‘लिव्ह-लाइव्ह’चा शब्द दोनदा आला होता, दोन्ही उच्चारांनी. घरात फोन होता तो साधा, बटणांचा.

“सर, ते जाड पुस्तक एक दिस द्या की,” ती म्हणाली.

“आता पूजेत मांडलंय. हलवायचं न्हाय. दसऱ्यानंतर ये.”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिशीच परीक्षा हाय, सर.”

“मग सरस्वतीला हात जोड की. व्हतंय सगळं.”

तिनं हात जोडले. ते माझ्याकडेच तोंड करून जोडले होते, मित्रांनो. मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला कुणी उघडल्याशिवाय तोंड नसतं.

दिवाळीनंतर रेवणप्पा तिचा दाखला न्यायला आले.

“पोरगी परीक्षेला गेलीच न्हाई, सर. म्हनली, चार लोकांत चुकले तर हसत्यात. म्हटलं, मग चल मेंढ्यांमागं.”

सरांनी दाखल्यावर सही केली. बापलेक कळप घेऊन रानोमाळ गेले. जगदेवी आता कुठल्या शिवारात आहे, मला माहीत नाही.

यंदाही दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं. माझं एकही पान फाटलेलं नाही, म्हणून पाहुण्यांनी सरांचं कौतुक केलं. मला त्या कौतुकाची किळस आली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असं एखादं पुस्तक कुलपात असेल, तर किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा, भांडून मागा. जगदेवीनं मला एकदाच मागितलं.