न्यागुथीच्या कपाळावरचा पट्टा

मित्रांनो, चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या खुंटीला लोंबकळणारा जुना चामडी पट्टा तो मी. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. माझा रुंद भाग कपाळावर यायचा आणि टोकांनी पाठीवरची लाकडाची मोळी बांधलेली असायची. आमच्या डोंगरावर बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, पाठीवर घेतात, आणि ते कपाळाने तोलतात.

माझा जन्म एका लग्नातला. न्यागुथीच्या लग्नात कापलेल्या बैलाच्या कातड्यातून तिच्या वडिलांनी मला काढलं. उन्हात ताणलं, खरवडलं, एरंडेल चोळून मऊ केलं. लेकीच्या कपाळाला टोचू नये म्हणून ते मला पुन्हा पुन्हा स्वतःच्याच कपाळाला लावून बघत. शेजारणी हसायच्या, "बाबा, आता लाकडंही तुम्हीच आणा!" म्हातारा हसायचा नाही. मी टोचलो नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

मग कामाची वर्षं सुरू झाली. चहाच्या मळ्यांच्या वरच्या रानातून लाकडं, खालच्या ओढ्यावरून पाणी, बाजाराच्या दिवशी बटाट्याची पोती. लेक वामाइथा झाली तेव्हा पोरगी पुढे आणि मोळी मागे, अशी न्यागुथी चढ चढायची. तिच्या कपाळावर माझी खोबण पडली. बायकांमध्ये बसली की ती नकळत खोबणीवरून बोट फिरवायची. मला फार बरं वाटायचं.

वामाइथा शहरात शिकायला गेली त्या सुमाराला काहीतरी बिनसलं, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. न्यागुथीच्या कानशिलातली शीर माझ्याखाली धडधडू लागली. चढावर ती धडधडायचीच. पण आता मोळी उतरवून बसली तरी थांबेना. आमच्याकडे थंडी पडते ती जुलैत; त्या गारठ्यात, इतर बायका शाली गुंडाळून फिरत तेव्हा, मी तिच्या घामाने भिजायचो. गाठ मारताना तिची बोटं थरथरायची. भांडंभर मका-घेवडा खाऊनही तिच्या बरगड्या दिसू लागल्या. डोळे मोठे झाले, टपोरे, सतत दचकल्यासारखे.

आणि मित्रांनो, लोकांनी काय केलं असेल? कौतुक केलं! आमच्याकडे बाईला याहून मोठी शाबासकी नाही की ती बसत नाही. पहाटे उठून न्यागुथी अंगण झाडायची, दुपारी पुन्हा झाडायची. सासवा सुनांना सांगायच्या, "बघ तिच्याकडे. तू नुसती जांभया दे." तिचा नवरा न्दिरांगू खुडलेली चहाची पानं विकायला केंद्रावर जायचा तिथे छाती काढून सांगायचा, "आमची बसतच नाही!" ज्या दुखण्याने तिला जाळायला घेतलं होतं, त्याचेच गोडवे सगळा डोंगर गात होता. मी ओरडलो असतो, पण चामड्याला आवाज कुठून येणार?

पुढे मोळी तिच्या पोटऱ्यांना लागू लागली. "पट्टा ताणला गेलाय," असं म्हणून तिने माझी गाठ वर घेतली. मी ताणलो नव्हतो. तीच आखूड झाली होती.

मग तो दिवस उजाडला. ओझं मोठं नव्हतं, पाण्याचा एक डबा. न्यागुथीने मला कपाळावर घेतलं, उठायला म्हणून जोर केला, आणि तिच्या पाठीत सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आई गं," आणि ओल्या वाटेवर बसून राहिली. तिची जोडीदारीण गाथोनी, जिच्याबरोबर ती पोरवयापासून रानात जायची, तिने हाका मारून बायका गोळा केल्या आणि तिला घरी नेलं.

वामाइथा शहरातून धावत आली. आल्या आल्या तिने मला खुंटीवरून ओढलं.

"ह्याने माझ्या आईची पाठ मोडली. आत्ता चुलीत घालते!"

"ठेव तो," अंथरुणावरून न्यागुथी म्हणाली. "माझ्या बापाच्या हातचा आहे."

"मग बापाने पाठही दुसरी द्यायची होती!"

रागाच्या भरात तिने मला पिशवीत कोंबलं, आई-बापाला घेऊन दवाखाना गाठला आणि मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटलं. बाई बुटक्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पाठीचा फोटो पाहिला, मग हात ठेवला तो न्यागुथीच्या गळ्यावर. घोटभर पाणी गिळायला लावलं. मनगट धरून ठोके मोजले.

"झोप लागते का?"

"झोपून कसं चालेल?" न्यागुथी म्हणाली.

न्दिरांगूला राहवेना. "डॉक्टर, आमची बसतच नाही!"

"बसत नाही, की तिला बसणं जमतच नाही?" बाईंनी विचारलं. "कधी विचारलंत तिला?"

न्यागुथी रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिचा घाम पुष्कळ प्यायलो होतो. आसवं त्या दिवशी प्रथम पाहिली.

बाईंनी समजावून सांगितलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस रक्तात सोडत होती. त्या रसाने शरीरातलं सगळंच धावत सुटतं. काळीज धावतं, भूक धावते, झोप पळते. हाडंही त्यातून सुटत नाहीत. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून निघतं. हिच्यात झिजणं पुढे पळालं, भरणं मागे राहिलं.

"आणि हा पट्टा?" वामाइथाने मला उचलून दाखवलं.

"त्याने कपाळावर खोबण पाडली. हाडं आजाराने पोखरली. पोरी, त्याला जाळून आई बरी व्हायची नाही. गोळ्या चुकवू नका. दूध, घेवडा, पालेभाजी खाऊ घाला, ऊन लागू द्या. वेदना कमी झाली की रोज चालवा. पण पाठीवर ओझं मात्र पुन्हा कधीच नाही. आणखी एक मणका बसला तर ही उभी राहायची नाही."

मी वाचलो. पण 'पुन्हा कधीच नाही' हे ऐकून टेबलावर पडल्या पडल्या मला रिकामं रिकामं वाटलं, ते लपवत नाही.

गोळ्यांनी गुण आला. न्यागुथी कधी मला हातात घेऊन एरंडेल लावायची, तेव्हा तिच्या बोटांचं थरथरणं थांबलेलं मला कळायचं. ती रात्रभर झोपू लागली, अंगावर मांस आलं. पण मन काही सरळ होईना. न्दिरांगू बाजारातून कोळसा आणायचा आणि ती तोंड फिरवायची. गाथोनीने एकदा चार लाकडं दारात ठेवली, तर हिने ती परत पाठवली. आमच्याकडे दुसऱ्याच्या हातचं लाकूड घ्यावं ते फक्त बाळंतिणीने. धडधाकट बाईच्या दारात कुणी लाकूड टाकलं तर 'हिची चूल विझली' असाच त्याचा अर्थ.

अखेर एका सकाळी घरात कोणी नाही असं पाहून तिने मला काढलं आणि रान गाठलं. मोळी बांधली. बेताचीच होती, पण मोळी ती मोळी. खाली बसून तिने मला कपाळावर घेतलं. मी जुन्या खोबणीत बसलो. मित्रांनो, किती दिवसांनी! मला आनंद व्हायला हवा होता. मी भीतीने गारठलो. ती शीर आता शांत चालत होती, आणि पाठीतला आवाज मी विसरलो नव्हतो. तुटता आलं असतं तर मी तिथेच तुटलो असतो.

"उठलीस तर बघ!"

गाथोनी झाडामागून आली ती तावातावाने. तिने मला न्यागुथीच्या कपाळावरून सरळ खेचलं.

"अगं पण लोक काय म्हणतील? न्यागुथी बसून खाते?"

"लोकांनी तुला न बसण्याचं पदक दिलं होतं ना? कुठे लटकवलंस ते? मोडक्या मणक्याला?"

"माझ्या चुलीला लाकूड नको?"

"चुलीसमोर बसायला तू नको?" गाथोनी म्हणाली. "तू पडलीस त्या दिवशी वाटलं, आता रानात मी कुणाशी भांडू?"

दोघीही मोळीवर बसून रडल्या. मोळी गाथोनीनेच घरी आणली.

दुसऱ्या सकाळी अंगणात बायकांचा आनंदाचा कल्लोळ उठला, बाळ जन्मल्यावर उठतो तसा. न्यागुथी दारात आली. डोंगरावरच्या झाडून साऱ्या बायका मोळ्या घेऊन उभ्या होत्या, कुणाच्या हातात केळी, कुणाकडे दुधातली पेज.

"अगं, बाळंत कोण झालं?"

"तूच की!" गाथोनी ओरडली. "नवी हाडं जन्माला घालते आहेस. लवकर सांग, मुलगा म्हणून पाच हाळ्या द्यायच्या की मुलगी म्हणून तीन?"

"तीनच द्या," एक म्हातारी म्हणाली. "मुलगीच म्हणू. कामाला तीच येते."

न्यागुथी हसली, पाठीला हात लावून, जपून हसली. बाळंतिणीचं लाकूड परत पाठवायची रीत नाही. दाराशी मोळ्यांचा ढीग झाला.

आता ती रोज चालते. रिकाम्या हाताने हिंडणाऱ्या बाईला आमच्याकडे नावं ठेवतात, म्हणून ती मला खांद्यावर टाकून निघते, जशी काही लाकडालाच चालली आहे. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. तरी वाटेत प्रत्येक जण गंभीर चेहऱ्याने विचारतो, "निघालीस लाकडाला?" ती म्हणते, "हो, निघाले." ओढ्यापर्यंत जाते, उन्हात बसते, आणि मी तिच्या मांडीवर पडून असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कधी बसतच नसेल, तर तिचं नुसतं कौतुक करून पुढे जाऊ नका. तिला हाताला धरून जवळ बसवा आणि बोटं मनगटावर ठेवा. मला बोटंही नव्हती आणि वाचाही नव्हती. तुम्हाला दोन्ही आहेत.

ऊन चढलं. न्यागुथी अजून ओढ्याकाठी बसली आहे, आणि उठायची तिला घाई नाही.