समोरून एक

लुआनने कॅमेरा हातात घेतला की घरच्यांना पहिला दम हा, की माझ्याकडे बघू नका. माणूस मधोमध उभा केला की फोटो मेला, हे तो सा देक गावच्या फोटोक्लबातल्या नवशिक्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगे. पाण्यात फळ्यांवर मांडलेल्या शेवंतीच्या कुंड्यांमधून होडी वल्हवणारी आई त्याने कोपऱ्यात घेतली, तीही पाठमोरी, आणि त्या फोटोला प्रांताचं पहिलं बक्षीस मिळालं. पुढे महिनाभर स्वारी जमिनीवर नव्हती.

गेल्या नववर्षाला त्याची आई थोआ ठेवणीतला निळा झगा घालून, केस चोपून त्याच्यासमोर येऊन बसली. तिच्या वयाच्या बायकांनी आपापले पूजेचे फोटो, मेल्यावर घरात मांडायचे, केव्हाच काढून ठेवले होते.

"समोरून एक काढ रे. पुढे लागेल."

असला सपाट फोटो कुणीही काढतो, म्हणत लुआनने तिला खिडकीकडे तोंड करायला लावलं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. ती हसली आणि चहा ठेवायला गेली.

त्याच वर्षी सातव्या महिन्यात ती झोपेतच वारली. थोरली बहीण दुयेन शवपेटीपुढे लावायला फोटो मागू लागली, तेव्हा लुआन कॉम्प्युटरसमोर बसला. चार हजार फोटो होते. आईची पाठ होती, हात होते, टोपी होती, पाण्यातली सावलीसुद्धा होती. आई मात्र कुठेच समोर बघत नव्हती. शेवटी त्याने खिडकीतला फोटो दाखवला.

"अर्धीच आई मांडायची का?" दुयेन म्हणाली. "पूजेच्या फोटोला डोळे लागतात. आपण जेवण ठेवलं तर तिला दिसणार कसं?"

मग तिने आईच्या बटव्यातून ओळखपत्र काढलं. त्यावरचा नखाएवढा फोटो दुकानात मोठा करून घेतला. चेहरा फुटलेला, पुसट. लुआनने त्यापुढे उदबत्ती लावली, पण मान वर करायची त्याची छाती होईना. तिने मागितला होता गं, मीच दिला नाही, असं तो कसंबसं म्हणाला.

"ठाऊक आहे," दुयेन म्हणाली. "मी तिला स्टुडिओत चल म्हटलं होतं. नको म्हणाली. आपल्या लुआनला सरळ फोटो जमत नाही, हे उगाच गावाला कशाला कळायला हवं."