पांढरी सोडून सगळ्या

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. शेळ्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला. माझा एक पट्टा तुटून तिथे दोरी आली आहे.

दुकानात होतो तेव्हा वाटायचं, आपण फुलझाडांवर तुषार उडवू. वाट्याला आल्या शेळ्या आणि त्यांची खरूज!

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खाजवणारी असो वा नसो, एकूण एक शेळीला औषध मारा. आणि मी सांगेपर्यंत त्यांचं दूध वापरू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं?

सुनेने मला पाठीवर घेतलं. एकेक शेळी भिजली. पांढरीची पाळी आली, तशा सासूबाई आडव्या आल्या.

"तिला नको गं. तिला कुठे खाज आहे?"

"आई, डॉक्टर म्हणाले सगळ्यांना."

"म्हणतील! उद्या दूध काय डॉक्टर देणार आहेत?"

पांढरी सगळ्यांत दुधाळ. ती कोरडीच राहिली.

बाकीच्यांची खाज थांबली. "पंप गुणाचा हो!" म्हणत मला न धुताच टांगलं. पण पांढरी त्यांच्याच गव्हाणीत, अंगाला अंग घासून खायची. खरूज परतली. पुन्हा फवारणी, पुन्हा पांढरी सोडून. सासूबाईंनी दोष आधी औषधाला दिला, मग डॉक्टरांना, मग शेजारणीच्या बोकडाला. पांढरीच्या कानामागे टक्कल पडत होतं, ते मला खुंटीवरून दिसायचं. मी जीव तोडून ओरडलोही असतो. पण देवाने मला नळी दिली, जीभ नाही.

शेवटी खरूज पांढरीच्या सडांवर उतरली. खपल्या धरल्या. हात लावला की लाथ. स्वतःचं करडूही ती जवळ येऊ देईना. ज्या दुधासाठी तिला जपलं, तेच आटलं.

"काढ गं तो पंप!" सासूबाई ओरडल्या.

सुनेने दांडा मारला. फुस्स! जुनं औषध माझ्या नळीच्या तोंडात वाळून बसलं होतं.

"ऐन वेळी दगा दिला मेल्याने!"

दगा? मी? मला न धुताच टांगून ठेवणाऱ्या घराने हे म्हणावं!

सुनेने सुईने माझं तोंड मोकळं केलं. सासूबाईंनी स्वतः पांढरीचे कान धरले. "कानामागेही मार. आणि ऐक, यापुढे एकीलाही सोडायचं नाही!" जणू ही अक्कल त्यांचीच. सून पदराआड हसली. करडू मात्र उपाशी ओरडत होतं. त्याला बाटली लावावी लागली.

मित्रांनो, माझं कौतुक नका करू. काम झालं की मला धुवा. आणि जी सगळ्यांत लाडकी, तिला सगळ्यांत आधी भिजवा.