ट्वंबलचा खटला

आमच्या कोशकचेरीत काका नावाचं एक प्रकरण आहे. ते कुणाचेच काका नाहीत, पण मालकसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. अडगळीत पडलेले जुने इंग्रजी शब्द गोळा करणं हा त्यांचा धंदा आणि व्यसनही. त्यातही यू-एम-बी-एल-ई ही अक्षरं ओळीने आलेला शब्द भेटला की स्वारी हरखून जाते. ड्रंबल म्हणजे रेंगाळणं, थ्रंबल म्हणजे दाटीवाटीने कोंबणं, रंबलगंप्शन म्हणजे व्यवहारज्ञान, जे काकांकडे औषधालाही नाही. असल्या शब्दांचा त्यांनी छोटा कोश केला. प्रुफं मी तपासली, आणि माझं डोकं पार पिकलं.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक कोशात एक खोटा शब्द पेरायचा. कुणी आपला कोश चोरला, तर तो शब्दही आयता उचलतो आणि सापडतो. अट एकच, तो शब्द बाहेर कुणापाशी बोलायचा नाही. काकांनी रचला ट्वंबल. अर्थ, काही आणायला दुसऱ्या खोलीत जाणे आणि कशाला आलो ते विसरून उभे राहणे.

शब्द इतका झकास जमला की तो काकांच्या पोटात राहीना. त्यांनी काकूंना सांगितला. काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

लवकरच पलीकडच्या गल्लीतल्या प्रकाशकाने तसाच कोश काढला, ट्वंबलसकट. मालकांचा आनंद गगनात मावेना. आमच्या वकीलबाईंच्या खोलीत दोन्ही पक्ष बसले, तर प्रकाशक म्हणतो, शब्द खराच आहे, माझ्या सासूबाई रोज वापरतात. बाईंनी काकांपुढे कागद सरकवला. हा शब्द मी रचला असून तो कुणीही वापरत नाही, एवढ्यावर सही हवी होती. सही झाली की त्याचा कोश बाजारातून उठणार. पण मग ट्वंबलही खोटा ठरून आमच्या पुढच्या आवृत्तीतून जाणार. काका पेन हातात धरून नुसते बसले. मला त्यांची दया आली आणि संतापही आला.

मालक पुरावा म्हणून बाईंकडे ठेवलेलं हस्तलिखित आणायला बाहेरच्या खोलीत गेले, ते येईचनात. उघड्या दारातून दिसत होतं, कपाटासमोर कमरेवर हात ठेवून छताकडे बघत उभे.

"मालक ट्वंबलले वाटतं," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

प्रकाशक खो खो हसला. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"शब्द मी रचला, हे खरं. पण कुणी वापरत नाही, असं कसं लिहून देऊ?"

खटला बुडाला. मालकांनी काकांशी अबोला धरला, मीही फुगून बसले. काका मात्र मुलगी चांगल्या घरी पडल्यासारखे मिरवत होते. मग एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले.

"पुढच्या कोशातला खोटा शब्द तू रच. रटाळ कर, कुणाला बोलावासाच वाटू नये."

मी रोज प्रयत्न करते. काकूंना आवडणार नाही असा शब्द अजून सुचलेला नाही.